गावच्या घराभोवतीचं गवत: कटर बॅटरीचा घ्यावा की पेट्रोलचा?

पाणंद (डोंबिवली / राजापूर)

मंडळी, आधी मत सांगतो, मग कारणं. घराभोवतीची जागा पाच-सहा गुंठ्यांच्या आत असेल आणि घरातलंच माणूस गवत कापणार असेल, तर पेट्रोलचा कटर घेऊ नका, बॅटरीचा घ्या. दोन्ही वापरून झाल्यावर हे म्हणतोय. गावात सगळे नेमकं उलटं सांगतात, म्हणून धागा काढला.

आमचं घर राजापूर तालुक्यात. मी डोंबिवलीला, आई गावी, वय ६८. पुढे खळं म्हणजे अंगण, बाजूने विहिरीची वाट, मागे परडं म्हणजे परसबाग, मग गडगा, म्हणजे दगडी कुंपण. गडग्यापलीकडे उतारावर चाळीसेक काजू. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत टाकळा उभा राहतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत विहिरीच्या वाटेवर गवत कमरेला लागतं. आमच्या भागात फुरसं, म्हणजे विषारी साप, सर्रास निघतं. आई रोज पहाटे त्याच वाटेने पाण्याला जाते. त्यामुळे ही वाट मोकळी असणं माझ्या दृष्टीने अंगणाच्या शोभेपेक्षा फार वरची गोष्ट आहे.

पाच वर्षांपूर्वी टू-स्ट्रोक पेट्रोलचा कटर घेतला, पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं तसला. चालायचा तेव्हा दणक्यात चालायचा. पण मी जाणार शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. दर वेळी टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल. दोरी ओढून ओढून खांदा भरून यायचा. मग प्लग काढा, पुसा, पुन्हा ओढा, शेवटी बाजारात नेऊन कार्ब्युरेटर साफ करून आणा. एका गणपतीत पाच दिवसांच्या रजेतला दीड दिवस याच्यात गेला. आणि आईला तर तो कधीच सुरू करता आला नाही. सात-आठ किलोचं धूड पट्ट्याने खांद्यावर घ्यायचं, चोक लावायचा, झटक्यात दोरी ओढायची, हे तिच्या खांद्याला झेपणारं नव्हतं. यंत्र पडवीत उभं आणि ती कटर मारणाऱ्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली. गणपतीआधीचे पंधरा दिवस तो सगळ्या गावालाच हवा असतो.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ३६ व्होल्टचा बॅटरीचा कटर आणला, दोन बॅटऱ्या घेऊन. आधीच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे गेले. पण वजनाला हलका, आणि बटण दाबलं की सुरू. पावसाने उघडीप दिली की आई आठ-दहा दिवसांतून एकदा वीस मिनिटं कापते. वाट, खळं आणि परड्याची कड. यंदाच्या गणपतीला मी गेलो तेव्हा वाट स्वच्छ होती, आणि ती तिने केलेली होती.

यंत्र कोणाच्या हातात जाणार आणि वापराविना किती दिवस पडून राहणार, हे आधी बघा. ताकदीचं नंतर बोलू.

---

काजूवाला_लांजा

पाणंदभाऊ, आईंचं ऐकून बरं वाटलं. पण एका घराच्या अनुभवावरून तुम्ही सगळ्यांना सल्ला देताय आणि तो बहुतेकांना गोत्यात आणेल.

कोकणात घर म्हणजे नुसतं खळं नसतं. तुमचेच चाळीस काजू उतारावर आहेत. त्यांच्या बुंध्याचं गवत कोण काढतं? माझी अडीच एकर काजू आणि थोडी कलमं आहेत. बागेत दोनदा कटर फिरतो. एकदा खताच्या आधी, आणि दुसऱ्यांदा पाऊस गेल्यावर, गवत पिवळं पडायच्या बेतात. ही दुसरी कापणी चुकली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारच्या सड्यावर कोणी टाकलेली विडी पुरते. बारा वर्षांची झाडं एका दुपारी वणव्यात गेलेली मी बघितली आहेत. त्या गवताला कटरची फिरणारी नायलॉनची दोरी पुरत नाही, पातं लागतं. त्यात रानमोडी आणि घाणेरीची खोडं असतात, अंगठ्याएवढी.

एका ओळखीच्या माणसाने हौसेने बॅटरीचा कटर आणून माझ्या बागेत चालवून दाखवला. खळ्यात तो म्हणे पाऊण तास चालतो. बागेतल्या गवतात पंचवीस मिनिटांत बॅटरी उतरली, दुसरी लावली, तीही उतरली, आणि पहिली अजून चार्जरवरच. आमच्याकडे कटर मारायचा हिशोब लिटरवर असतो. किती लिटर पेट्रोल संपलं तेवढी मजुरी. सकाळी सातला आलेला गडी दुपारपर्यंत तीन लिटर संपवतो. बॅटरीवाल्याने तेवढं काम करायला किती बॅटऱ्या पाठीवर घेऊन यायचं?

आणि लाईटीचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी बहीण श्रीवर्धनच्या बाजूला होती. माड, पोफळी, आंबे आडवे, रस्ता बंद, आणि वीज कित्येक दिवस नाही. त्या काळात रस्ते मोकळे केले ते पेट्रोलच्या करवतींनी. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आम्हालाही तेच दाखवलं. कॅनमध्ये दोन लिटर पेट्रोल असलं तर कोकणातला माणूस आपलं आपण उभा राहू शकतो.

---

अँपिअर (नाशिक)

दोघांच्या म्हणण्याला आकडे लावून बघू. मी इलेक्ट्रिकलचा माणूस आहे, तरी पहिला आकडा पेट्रोलच्या बाजूचा निघतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली फार तर १५ ते २० टक्के पात्यापर्यंत पोचवतं. म्हणजे हातात पडते दीड युनिट. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८० वॉट-तास, ०.१८ युनिट. मोटरचं नुकसान वजा करून ०.१५ धरा. एक लिटर पेट्रोल बरोबर दहा बॅटऱ्या. काजूवाले भाऊ तीन लिटर म्हणतात, म्हणजे तीस बॅटऱ्या. अडीच एकराची चर्चा माझ्या मते इथेच संपते.

पण घराच्या अंगणात हा हिशोब एवढा एकतर्फी राहत नाही. पेट्रोलचं इंजिन तुम्ही घाम पुसत उभे असता तेव्हाही पेट्रोल पीत असतं. बॅटरीची मोटर बोट काढलं की थांबते, आणि पातळ गवतात कमी वीज ओढते. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतानाच धूर बाहेर ढकललं जातं, त्यात काही मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. तो निळसर धूर आणि कपड्यांना येणारा वास म्हणजे तुम्ही पैसे मोजलेलं तेल-पेट्रोलच.

घेताना एक ध्यानात ठेवा. डब्यावरच्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट' या एकाच बॅटऱ्या असतात, पाच सेल एकापुढे एक. पूर्ण भरलेल्या सेलचा आकडा धरला की वीस, सरासरी धरला की अठरा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा आणि येणारे वॉट-तास ताडून बघा. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-तास, त्यात कुंडीभोवतीचं गवतही धड निघणार नाही.

वादळाबद्दल: १८० वॉट-तासाची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरवर चार्ज होते, पण लाईट दोन-तीन दिवस नसली तर इन्व्हर्टरही मान टाकतो. तिथे काजूवाल्यांशी वाद नाही.

---

स्पार्क_प्लग (कुडाळ)

माझं गॅरेज आहे. कटर, करवती, पंप, पॉवर टिलर सगळं येतं. पाणंदभाऊंची तक्रार रोज ऐकतो, म्हणून लिहितो. यात कटरचा दोष निम्म्याहून कमी असतो.

श्रावणात माझ्या दारात कटरची रांग लागते. दहातल्या सात कटरना झालेलं काहीच नसतं, फक्त आत मागच्या वर्षीचं पेट्रोल असतं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. कटर पहिलं तेच ओढतो. वरून कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो, पेट्रोलची नळी फुगते, जेटमध्ये डिंकासारखा थर बसतो. तुम्ही दोरी ओढताय, ओढताय, आणि आत चिमूटभर घाण अडकलेली.

उपाय फुकट आहे. काम झालं की टाकी रिकामी करा आणि कटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मिश्रण पंधरा दिवसांपुरतंच करा. तेलाचं माप पुस्तकात बघा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. "थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरं" म्हणून ओतू नका, प्लग काळा होतो. आणि कमी टाकलंत तर पिस्टन धरतो, मग खर्च नवीन कटरच्या जवळ जातो. मिश्रणाचा कंटाळा असेल तर फोर-स्ट्रोक घ्या. होंडाचं ३५ सीसीचं इंजिन बघा, त्यात तेल वेगळं, शंभर मिली, धूर कमी. मात्र वजन आणि किंमत दोन्ही चढतात.

आता बॅटरीवाल्यांना प्रश्न. तुमची बॅटरी उद्या बंद पडली तर मी काय करू? पडदा काही शे रुपयांत बदलतो, ग्राहक चहा पिऊन होईपर्यंत. बॅटरीत सेल असतात, वर सर्किट असतं. एक सेल गेला तरी पूर्ण डबा बदला. नवीन डबा कटरच्या अर्ध्या किमतीला, तोही मागवायचा मुंबईहून किंवा पुण्याहून. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या कटरला बसत नाही. सहा वर्षांनी ते मॉडेल बंद झालं असेल तर चांगली मोटर भंगारात. माझ्याकडे वीस वर्षं जुनं पेट्रोल इंजिन आजही चालतंय.

---

निवृत्त_बाई (चिपळूण)

स्पार्क प्लगदादा, तुमच्या हातातलं कसब मला मान्य आहे. पण इथे आतापर्यंत एकानेही कानाचा विषय काढला नाही.

माझे यजमान बावीस वर्षं स्वतः बाग साफ करायचे, आधी कोयत्याने, पुढे पेट्रोलच्या कटरने. कानाला काही न लावता. आता त्यांना टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा लागतो आणि नातवाचं बारीक आवाजातलं बोलणं कळत नाही. सगळं कटरमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, वयही आहे. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता की मशीनवर काम करत होतात का.

तेव्हा मी जे समजून घेतलं ते सांगते. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पेट्रोलचा कटर चालवणाऱ्याच्या कानाशी शंभरच्या आसपास आवाज असतो. तुमचा गडी तीन लिटर संपवेपर्यंत किती पंधरा मिनिटं झाली? त्याला कानावरचे मफ कोण देतं? मी तर अजून आमच्या पंचक्रोशीत एकाच्याही कानावर बघितले नाहीत.

बॅटरीचा कटर मुका नसतो, दोरी फिरण्याचा आवाज येतोच. पण पलीकडे उभं राहून हाक मारली तर ऐकू येते. आमच्यासारख्या वयात ही केवढी मोठी गोष्ट आहे.

---

काजूवाला_लांजा

बाई, मफचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. या हंगामात दोन जोड आणतो, माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पण हाक ऐकू येते याची दुसरी बाजूही बघा. पेट्रोलचा कटर चालू असला की माणसं आवाजानेच लांब राहतात. बॅटरीचा चालू असताना पोरं आणि कुत्री पार जवळ येतात. दोरीने उडालेला खडा दहा-पंधरा मीटरवर डोळा फोडू शकतो. आमच्याकडे सगळी जांभ्याची खडी. चष्मा, गमबूट, जाड पँट दोन्हीकडे लागतेच, आणि बॅटरी घेणारे "एवढंसं तर आहे" म्हणत चपलेवर कापायला उभे राहतात.

---

परसदार (पुणे)

आमचा प्रश्न वेगळा, बागेतल्या हिरवळीचा. कोथरूडला जुना बंगला, पुढे नऊशे चौरस फूट हिरवळ, पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी पंधरवड्याला कापायची. एवढ्याला पेट्रोलचा लॉनमोवर घेणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल माझी तक्रारच आहे. रविवारी सकाळी सातला तो सुरू झाला की अख्खी गल्ली उठते. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल अशी मर्यादा आपल्या २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. भिंतीला भिंत लागून घर असताना तो लॉनमोवर त्यात कसा बसेल, तुम्हीच सांगा.

आम्ही वायरवर चालणारा घेतला, बॅटरीही नको आणि पेट्रोलही नको. स्वस्त, हलका, कधी उतरत नाही. फक्त वायर सतत मागे खांद्यावरून घ्यायची, ओल्या गवतात चालवायचा नाही, आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवरच लावायचा. पात्याखाली वायर आली तर तोच जीव वाचवतो.

माझ्या लहानपणी आमचे माळीकाका हाताने ढकलायचं रुळावरच्या पात्यांचं यंत्र वापरायचे. गवत कात्रीसारखं कापलं जायचं, टोकं पिवळी पडायची नाहीत. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं, आणि कल्पना आली होती गिरणीतल्या कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. छोट्या सपाट हिरवळीला आजही त्याच्यासारखी कापणी कुठल्याच मोटरची येत नाही. पण ते गुडघ्याएवढ्या गवतात चालणार नाही, कोकणवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये.

---

पैलतीर (सॅक्रामेंटो)

इकडचं सांगतो, कारण इथे हा वाद कायद्यापर्यंत गेला. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून बागकामाच्या नव्या छोट्या यंत्रांना धूर सोडायची मुभा राहिली नाही. जुनं पेट्रोलचं यंत्र तुम्ही वापरू शकता, बंदी नव्यांवर आहे. इथल्या हवा मंडळाने दिलेली तुलना लोकांच्या तोंडी आहे. व्यावसायिक लॉनमोवर एक तास चालवला की धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं २०१६ ची टोयोटा कॅमरी तीनशे मैल चालवून होतं. पानं उडवणारा ब्लोअर असेल तर अकराशे मैल. गाड्यांना धूर शुद्ध करणारं उपकरण लागून जमाना झाला, या छोट्या इंजिनांना मात्र तसं काही सहसा नव्हतंच.

माझा प्लॉट पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. त्यात घर आणि गाडीची जागा वजा जाता हिरवळ चारेक गुंठे. ५६ व्होल्टच्या एका बॅटरीत पूर्ण होते, सहा वर्षं तीच बॅटरी आहे.

पण मला इथे एक गोष्ट कळली ती सांगायची आहे. बॅटरी मला पुरते, कारण मी दर शनिवारी फक्त इंचभर गवत कापतो. एकदा भारतात महिनाभर राहून परत आलो तर गवत फूटभर झालं होतं, आणि त्याच बॅटरीला तीन फेऱ्या लागल्या. पेट्रोलचं यंत्र तुम्ही दुर्लक्ष केलेलं गवत एका दिवसात निस्तरतं. बॅटरीवाल्याने मुळात दुर्लक्ष करायचंच नाही. पाणंद यांच्या आईंना ती पुरते याचं कारण हेच असणार, त्या दर आठवड्याला कापतात.

---

काजूवाला_लांजा

पैलतीर, मुद्दा पटला, कायदा नाही. तिकडच्या माणसाला नवीन यंत्र परवडतं, विजेची खात्री असते, आणि वणव्याची काळजी घ्यायला यंत्रणा असते. इथे उद्या कोणी पेट्रोलचा कटर बंद केला तर मजूर परत कोयता घेऊन वाकेल का? वाकायला माणूसच नाही. आमच्याकडे 'कटर मारूक' माणूस मिळत नाही, तिथे कोयत्याने बेणणारा कुठून आणायचा? बाग तशीच राहील आणि मार्चमध्ये जळेल. त्या धुराचा हिशोब कुठल्या मंडळाने केलाय?

बॅटरीची वीज तरी कुठून येते? आपल्या राज्यात बहुतेक कोळशातूनच. चंद्रपूरला धूर निघतो आणि आपण म्हणायचं आमचं खळं स्वच्छ.

---

अँपिअर

कोळशाचं खरं आहे. पण चार्जरचं नुकसान धरूनही आईंच्या एका बॅटरीला पाव युनिटच्या आत वीज लागते. महिनाभर आठवड्याला दोन बॅटऱ्या भरल्या तरी दोन युनिट होत नाहीत. एवढ्यासाठी जळणारा कोळसा आणि तासभर नाकासमोर सोडलेला टू-स्ट्रोकचा धूर यांत मला फार अंतर वाटतं. कापणारा माणूस त्या धुराच्या मध्यात उभा असतो. बागेत वारा असतो म्हणून चालून जातं, गडग्यालगत किंवा गोठ्याच्या मागे डोकं धरतं.

टाकाऊ बॅटरीचा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कुडाळ-लांज्यात ती घेणारी खिडकी कुठे आहे, हा रास्त प्रश्न आहे आणि तिथे बॅटरीची बाजू आज कमकुवत आहे.

---

माजघर (वेंगुर्ला)

सगळा धागा वाचला. मला पाणंद यांना एक विचारायचं आहे, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंत, यंत्र हलकं आहे म्हणून आई आता दर आठ दिवसांनी गवत कापते. आधी ती वाट बघायची, आता ती कापते. म्हणजे तुम्ही जे काम वर्षातून तीनदा येऊन करायचात किंवा पैसे देऊन करून घ्यायचात, ते आता ६८ वर्षांच्या बाईच्या अंगावर आलं. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. मिक्सर आला, चटणी रोज हवी झाली. वॉशिंग मशीन आलं, कपडे रोज बदलायला लागले. हलकं यंत्र आलं की काम बाईचं होतं.

पैसे असतील तर कटरवाल्याला लिटरमागे शंभर रुपये जास्त द्या आणि त्याची तारीख मे महिन्यातच ठरवून टाका. तो पेट्रोलचाच कटर घेऊन येईना, आईला खळ्यात सावलीत बसू द्या.

---

पाणंद

माजघरताई, राग नाही, पण रात्री झोप लागली नाही हे खरं. सकाळी आईला फोन करून तुमचं म्हणणं जसंच्या तसं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "वाट बघण्यात जास्त दमायला होतं." मग म्हणाली की वाटेचं आणि खळ्याचं गवत ती काढेल, तिला ते आवडतं, सकाळच्या उन्हात वीस मिनिटं हालचाल होते. पण परड्याची कड तिला जड जाते. मागच्या बाजूला उतार आहे, पाय सरकतो, आणि तिथे दगड लपलेले असतात. हे तिने मला दोन पावसाळ्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. मी फक्त झालेलं काम बघितलं आणि खूश झालो. तुम्ही विचारलं नसतंत तर पुढेही कळलं नसतं.

काजूच्या उताराचं काजूवाल्यांनी विचारलं होतं. तिथे पहिल्यापासून गावातला माणूस पेट्रोलचाच कटर मारतो. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. 'पाच-सहा गुंठ्यांच्या आत' म्हणताना माझ्या डोळ्यासमोर फक्त गडग्याच्या आतली जागा होती. आता परड्याची कडही त्याच्याकडे देतो, आणि तारीख मेमध्येच ठरवतो.

पण गडग्याच्या आतल्या सपाट जागेपुरतं माझं मत जागच्या जागी आहे. स्पार्क प्लगदादा सांगतात तशी टाकी कोरडी करून ठेवली असती तर माझे श्रम वाचले असते, कबूल. तरी दोरी ओढायचा प्रश्न सुटला नसता. मी नसताना, कटरवाला नसताना, विहिरीवर जायची वाट तिची तिला मोकळी करता येते. दुप्पट पैसे मी त्याचे मोजले आणि परत मोजेन.

---

काजूवाला_लांजा

गडग्याच्या आत बॅटरी, गडग्याबाहेर पेट्रोल, एवढं असेल तर माझं भांडण नाही. पण मथळा वाचून बागायतदार बॅटरीचा कटर घेऊन येईल, म्हणून हे वर संपादित करून लिहा.

आणि आईंना सांगा, वाटेवर कापताना आधी काठीने गवत हलवून घ्यायचं आणि गमबूट घालायचे, उन्हं असली तरी. फुरसं आवाजाला हलत नाही, पाचोळ्यात तसंच बसून राहतं.

---

स्पार्क_प्लग

पाणंदभाऊ, बॅटरीचाच वापरणार असाल तर दोन गोष्टी, कारण फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडे आता यायला लागल्या आहेत आणि मला त्या परत पाठवाव्या लागतात.

दिवाळीनंतर काम संपलं की बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण उतरवूनही ठेवू नका. बॅटरीवरच्या चार दिव्यांतले दोन लागतील एवढी ठेवा, कटरमधून काढून. मधे महिन्या-दोन महिन्यांनी दिवे बघा, एकावर आली तर थोडी चार्ज करा. आणि आईंनी ती कुठे ठेवली आहे ते विचारा. आमच्याकडे बहुतेक जण चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात, तिथे ऊब असते, दमट होत नाही म्हणून. मे महिन्यात कौलाखालचा तो माळा तापतो, बॅटरी तिथेच मरते. खाली, माजघरात, भिंतीला लागून ठेवा, फडक्यात गुंडाळून.

---

पाणंद

दादा, विचारलं. माळ्यावरच होती. उतरवून घेतली.